नीटपर्यंतची वाट

राज्यघटना अमलात आली २६ जानेवारी १९५० ला, आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये तिची पहिली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीमागं कारणं अनेक होती. त्यातलं एक थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातून आलं होतं. तेव्हाच्या मद्रास राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं चार आणि जागा ३३०. त्या कशा वाटायच्या, याचा सरकारी आदेश होता: दर १४ जागांमागं ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना आणि १ मुसलमानांना. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेनं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. प्रवेशाचा अर्ज त्यांनी केलेलाच नव्हता. नुसती चौकशी केली, तेव्हाच आपल्याला जागा मिळणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ एप्रिल १९५१ ला तो आदेश रद्दबातल ठरवला. त्यावर संसदेनं कलम १५ ला चौथं उपकलम जोडलं आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना दिला.

वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचा, म्हणजे नीटचा इतिहास सांगताना बहुतेक जण २०१३ किंवा २०१६ पासून सुरुवात करतात. मला तो या खटल्यापासून वाचावासा वाटतो. डॉक्टर होण्यासाठी मुलांना निवडण्याची आपली पद्धत शिक्षकांनी एकत्र बसून आखलेली नाही. ती निकालपत्रांतून, एकेका तक्रारीला उत्तर देत देत घडत गेली. तक्रारी खऱ्या होत्या, उत्तरंही बहुतेकदा न्याय्य होती. पण कोर्टापुढं जो प्रश्न येतो तो 'माझ्यावर अन्याय झाला का' हा असतो. 'चांगला डॉक्टर कोण होईल' हा प्रश्न तिथं येऊच शकत नाही, आणि म्हणून तो या सगळ्या प्रवासात मागं पडत गेला.

सुरुवातीला परिस्थिती अगदी उलट होती. जागा होत्या आणि मुलं शोधावी लागत होती. १८३५ च्या जानेवारीत बेंटिंकच्या सरकारनं कलकत्त्याला वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा आदेश दिला, त्यात ५० विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. वय १४ ते २०, जातिधर्माची अट नाही, इंग्रजी आणि एक देशी भाषा वाचता यायला हवी, आणि निवड झालेल्याला दरमहा विद्यावेतन. प्रेताला हात लावायला मुलं तयार होतील की नाही याचीच सरकारला धास्ती होती. गोव्यात पणजीला पोर्तुगीजांची वैद्यकीय शाळा १८४२ साली उभी राहिली, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली. ग्रँटची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. मूळ गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड आणि पुढं प्रार्थना समाजात अग्रणी झालेले आत्माराम पांडुरंग त्या तुकडीतले. मूठभर माणसं, आणि त्यांच्यातली काही तर शहराच्या सार्वजनिक जीवनाचा कणा झाली.

आनंदीबाई जोशींचा प्रवेश तर केवळ एका पत्रावर झाला. १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी लिहिलेलं पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही हे त्यांनी त्यात मोकळेपणानं मांडलं होतं, आणि एवढ्या विरोधातून इथवर आणणारा निश्चयच आपली पात्रता मानावी, अशी विनंती केली होती. कॉलेजनं ती मान्य केली. आजच्या कुठल्याही प्रवेश नियमावलीत आनंदीबाई बसल्या नसत्या. त्या काळाकडं परत जावं असं मी म्हणत नाही, कारण ज्याचं पत्र वाचलं जात होतं त्याच्या मागं न वाचली गेलेली किती पत्रं असतील, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तरीही माणूस पाहून माणसाला निवडता येतं, याची ही एक नोंद आहे.

दार अरुंद झालं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. तोवर डॉक्टर होण्याच्या दोन वाटा होत्या: विद्यापीठाची पदवी, किंवा मेडिकल स्कुलातला कमी मुदतीचा परवानाधारक अभ्यासक्रम. गावोगावचे एलसीपीएस डॉक्टर या दुसऱ्या वाटेनं आलेले. जोसेफ भोर समितीनं १९४६ च्या अहवालात देशात सुमारे ६,३०० माणसांमागं एक डॉक्टर आहे असं नोंदवलं, आणि त्याच वेळी पुढं एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार करावा अशी शिफारस केली. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं महाविद्यालय १९४६ साली झालं, नागपूरला १९४७ साली. खालच्या वाटा बंद झाल्या आणि सगळी गर्दी एकाच दारापुढं येऊन थांबली. शिफारशीमागचा हेतू चांगला होता, दर्जा वाढावा हाच. पण आजच्या स्पर्धेचं एक मूळ इथं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता थोडं अमेरिकेत जावं लागेल, कारण नीटची प्रश्नपत्रिका ज्या साच्यात छापली जाते तो तिथला आहे.

१९१४ साली फ्रेडरिक केली या शिक्षणशास्त्रज्ञानं एक प्रबंध लिहिला. विषय होता शिक्षकांनी दिलेल्या गुणांतली तफावत. एकच उत्तर एका मास्तरांना उत्तम वाटतं, दुसऱ्यांना सुमार. यावर उपाय म्हणून त्यानं कॅन्ससमध्ये वाचनाची अशी चाचणी तयार केली की उत्तर एकच बरोबर असेल आणि तपासणाऱ्याला स्वतःचं मत घालता येणार नाही. दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा, ही कल्पना तिथून रुळली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा याच धर्तीच्या चाचण्या सैन्यानं सुमारे १७ लाख माणसांना दिल्या. पुढं रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या मिशिगनमधल्या शाळामास्तरानं एक गोष्ट हेरली: पेन्सिलीच्या शिशाच्या खुणेतून वीज वाहते. त्यावरून उत्तरं तपासणारं यंत्र आयबीएमनं १९३८ साली बाजारात आणलं. गोळे काळे करण्याची आपली ओएमआर पत्रिका याच यंत्राच्या घराण्यातली. म्हणजे वस्तुनिष्ठ प्रश्नाचा जन्म मुळात माणसाच्या मर्जीवरच्या अविश्वासातून झाला. भारतात तो इतका घट्ट रुजला त्याचं कारणही हेच आहे.

वैद्यकीय प्रवेशाची खास चाचणी मात्र वेगळ्या गरजेतून आली. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून मुलं मध्येच गळत होती. काही ठिकाणी शंभरातली पाच, काही ठिकाणी पन्नास. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या फ्रेड मॉस यांनी १९२८ साली एक चाचणी बसवली. तिच्यात नजरेनं पाहिलेलं लक्षात ठेवणं, वाचलेला मजकूर समजणं, शास्त्रीय शब्दसंग्रह, शास्त्रीय व्याख्या, वैद्यकपूर्व अभ्यासाची माहिती आणि तर्क असे भाग होते. मुलाला काय येतं यापेक्षा हा मुलगा अभ्यासक्रम झेपवेल का, हे तिला सांगायचं होतं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं ती उचलली आणि १९४६ पर्यंत गळती सातएक टक्क्यांवर आली. त्यात चाचणीचा वाटा किती आणि इतर सुधारणांचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. १९४८ पासून ती एमकॅट या नावानं ओळखली जाते.

एमकॅटच्या पुढच्या इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की तिचे मालक तिच्यावर सतत शंका घेत राहिले. १९७७ साली सामान्यज्ञान काढलं. १९९२ साली निबंध घातला आणि २०१३ साली तो काढूनही टाकला. २०१५ साली मानसशास्त्र आणि समाजशास्त्र आलं, कारण रुग्णाचं घर, त्याची मिळकत, त्याच्या सवयी समजल्याशिवाय आजार समजत नाही हे तिथल्या शिक्षकांना पटलं होतं. एमकॅटचे गुण आणि पुढं वैद्यकीय महाविद्यालयातली कामगिरी यांचा मेळ बसतो का, याचे अभ्यास संघटना स्वतः करते आणि प्रसिद्ध करते. शिवाय हे गुण म्हणजे प्रवेशाच्या फाइलमधला एक कागद असतो. बाकी पदवीचे गुण, शिफारशी, मुलाखत. त्या मुलाखतीतही भेदभाव शिरतो, पैसा शिरतो, हे तिथं उघड बोललं जातं. अमेरिकेची पद्धत आपल्यापेक्षा न्याय्य आहे, असा माझा दावा नाही. ती आपल्या परीक्षेला प्रश्न विचारते, एवढंच मला सांगायचं आहे.

आपल्याकडं मुलाखत होती आणि ती गेली. का गेली, ते पाहण्यासारखं आहे. म्हैसूर राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी परीक्षेच्या गुणांत मुलाखतीचे गुण मिळवले जात. सामान्यज्ञान, कल, व्यक्तिमत्त्व असं त्यात पाहिलं जाई. १९६४ च्या चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. पण वशिल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. १९८० साली श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा अजय हासिया खटला निकाली निघाला. तिथं मुलाखतीला एकूण गुणांचा तिसरा हिस्सा होता आणि दर मुलाला मिळत होती दोन-तीन मिनिटं. मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी आहे, असं न्यायालयानं म्हटलं. निकाल योग्यच होता. दोन मिनिटांत कुणाचं व्यक्तिमत्त्व कळत नाही. कळतो फक्त त्याच्या वडिलांचा हुद्दा. पण मुलाखत चांगली कशी घ्यावी, यावर विचार करण्याऐवजी आपण तिचा नाद सोडला. एक आकडा, त्याच्या उतरत्या क्रमानं यादी, आणि कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही. यातच सगळ्यांना सुरक्षित वाटू लागलं.

या सुरक्षिततेला तडा गेला तो आकडे एकसारखे नसल्यामुळं. पुण्याच्या इंटर सायन्सचे ६५ टक्के आणि पाटण्याचे ६५ टक्के एकच कसे मानायचे? प्रत्येक राज्य आपल्या जागा आपल्याच मुलांना ठेवत होतं, तोवर हा प्रश्न दबून राहिला. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठानं सांगितलं, की सगळ्या जागा रहिवासावर राखून ठेवता येणार नाहीत, काही देशभरातल्या मुलांना खुल्या हव्यात. त्यापाठोपाठच्या दिनेश कुमार खटल्यात त्याचं प्रमाण एमबीबीएसच्या एकूण जागांच्या १५ टक्के असं ठरलं, आणि वेगवेगळ्या मंडळांचे गुण तुलनेला चालणार नाहीत म्हणून एकच अखिल भारतीय परीक्षा घ्या, असा आदेश झाला. सीबीएसईनं ती १९८८ पासून सुरू केली. नीटची थेट आई ती ही. तिला जन्म देणाऱ्या कागदांत अभ्यासक्रम झेपेल की नाही याची चिंता नाही. दोन आकड्यांची तुलना करता यावी, एवढीच गरज आहे.

महाराष्ट्रात याच सुमाराला आणखी एक निकाल लागला, आणि त्याचे पडसाद जवळजवळ पस्तीस वर्षं उमटत राहिले. आपल्याकडं विद्यापीठ क्षेत्रानुसार प्रवेश होत: त्या भागातली मुलं त्या भागातल्या महाविद्यालयांत. १९८६ च्या निदामर्ती महेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे शंभर टक्के बंधन मोडलं, फार तर ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना राखता येतील आणि ३० टक्के राज्यभराला खुल्या ठेवाव्या लागतील, असं सांगितलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन विभागांच्या '७०-३०' ची मुळं इथं आहेत. जी कमाल मर्यादा होती, तीच पुढं सूत्र झाली. विभागात महाविद्यालयं आणि जागा कमी, त्यामुळं चांगले गुण असूनही मराठवाड्यातली मुलं मागं राहतात, हे गाऱ्हाणं नंतर वर्षानुवर्षं ऐकू येत राहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये लातूरचेच आमदार असलेले तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ते सूत्र रद्द केलं.

लातूरचं नाव आलंच आहे, तर तिथं थांबायला हवं. बारावीच्या गुणांवर मेडिकलला प्रवेश मिळत होता, त्या काळात पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांचं वर्चस्व मोडलं ते लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं त्यात जादू काहीच नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सुट्टीतही वर्ग भरवायचे, परीक्षेमागून परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका मुलाच्या पुढ्यात ठेवून चूक दाखवायची. ज्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, अशा घरातली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. 'लातूर पॅटर्न'ला घोकंपट्टीचा कारखाना म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ती टीका अपुरी वाटते. परीक्षेचे नियम शहरानं ठरवले होते, लातूरनं ते शिकून घेतले. चूक असेल तर ती नियमांत शोधावी.

दुसऱ्या बाजूला पैशाचं दार उघडलं होतं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. देणगीची चर्चा इतकी वाढली की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. मग खटल्यांची रांगच लागली: १९९२ ला मोहिनी जैन, १९९३ ला उन्नीकृष्णन, २००२ ला टी. एम. ए. पै, २००५ ला पुण्याच्या पी. ए. इनामदारांचा. त्यांचे तपशील वकिलांसाठी सोडून देतो. आपल्या विषयापुरता अर्थ एवढाच, की खासगी संस्थांना आपापली परीक्षा घ्यायची मुभा मिळाली आणि नव्वदच्या दशकानंतर मुलं उन्हाळाभर रेल्वेनं एका परीक्षेहून दुसरीकडं फिरू लागली. राज्याची सीईटी, सीबीएसईची परीक्षा, एम्स, एएफएमसी, अभिमत विद्यापीठं, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं. आई किंवा वडील सोबत. ज्यांना हा खर्च झेपत नव्हता, ते दोन परीक्षांवर थांबत.

राज्याच्या सीईटीनं बारावीचं वजन काढून घेतलं. बारावीत पात्रतेपुरते ५० टक्के असले की झालं, बाकी सगळं सीईटीवर. प्रात्यक्षिकं, भाषा, वर्गातली चर्चा यांना कारण उरलं नाही. क्लास आणि ज्युनिअर कॉलेज यांचं साटंलोटं झालं, मुलगा कॉलेजच्या पटावर आणि दिवसभर क्लासमध्ये. शेवटी २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली.

या पसाऱ्यात, आपल्याला कसा डॉक्टर हवा हा प्रश्न विचारणाऱ्या संस्था अगदीच नव्हत्या असं नाही, आणि त्यातली एक आपल्या राज्यात आहे. सेवाग्रामला सुशीला नय्यर यांनी १९६९ साली महात्मा गांधी वैद्यकीय संस्था काढली. तिच्या प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचाराचाही एक पेपर असे. निवड झालेली मुलं सुरुवातीचे दिवस आश्रमात राहत, खादी घालत, तुकडीनं एक गाव दत्तक घेऊन तिथं मुक्काम करत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात लेखी परीक्षेनंतर निवडक मुलांना बोलावून घेत, काही दिवस त्यांना गटात कामं देत, कशी वागतात ते पाहत. गांधीविचाराचा पेपर पाठ करून पास होता येतं, हे मान्य. तरी सतरा वर्षांच्या मुलाला त्या निमित्तानं कळत असे, की आपण जिथं जातो आहोत त्या जागेची आपल्याकडून काहीतरी अपेक्षा आहे. नीट आल्यावर दोन्ही पद्धती मोडल्या. निषेध म्हणून वेल्लोरनं २०१७ साली एमबीबीएसला फक्त एकच विद्यार्थी घेतला.

नीटचा जन्म सरळ झाला नाही. मेडिकल कौन्सिलनं डिसेंबर २०१० मध्ये अधिसूचना काढली, पहिली परीक्षा ५ मे २०१३ ला झाली, आणि १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं ती रद्द केली. विरोधी मत होतं न्यायमूर्ती अनिल दवे यांचं. त्यांच्याच नेतृत्वाखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ११ एप्रिल २०१६ ला तो निकाल मागं घेतला, आणि २८ एप्रिलला आदेश झाला की याच वर्षी नीट, तीही दोन टप्प्यांत, पहिला टप्पा तीन दिवसांनी. महाराष्ट्राची सीईटी ५ मे ला होती. दोन वर्षं राज्याच्या अभ्यासक्रमावर तयारी केलेल्या मुलांना परीक्षेच्या आठवड्यात कळलं, की ही परीक्षा कदाचित धरलीच जाणार नाही. २४ मे ला केंद्रानं वटहुकूम काढून राज्यांना वर्षभराची सूट दिली. त्या चार आठवड्यांत राज्यातल्या घराघरांत काय चाललं होतं, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत.

एका परीक्षेमुळं धावपळ थांबली, खर्च कमी झाला, खासगी संस्थांच्या बंद दाराआडच्या परीक्षा संपल्या. २०१७ पासून पेपर मराठीतही मिळू लागला. हे फायदे खरे आहेत आणि नीटच्या विरोधकांनी ते नाकारू नयेत. पण सगळं एकाच दिवसावर आलं म्हणजे त्या दिवसाची किंमत वाढली, आणि किंमत वाढली की चोर येतात. मध्य प्रदेशातला व्यापम घोटाळा २०१३ साली उघड झाला. त्यात हुशार तोतया पुढं आणि पैसे देणारा मागं अशी बैठक लावत, तिला 'इंजिन-बोगी' म्हणत. २०१५ साली अखिल भारतीय परीक्षेची उत्तरं बनियनमध्ये शिवलेल्या उपकरणांतून केंद्रात पोचवली गेली. फायदा घेणारे ४४ सापडले, आणि ६ लाखांहून अधिक मुलांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली.

२०२४ चं प्रकरण ताजं आहे. पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, पण देशभरची परीक्षा रद्द केली नाही. त्या गदारोळात एका प्रश्नाकडं पुरेसं लक्ष गेलं नाही. भौतिकशास्त्रातला अणूच्या स्थैर्याबद्दलचा प्रश्न. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक वाक्य, नव्यात त्यात किंचित बदल. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं दोन्ही उत्तरं बरोबर धरली होती. न्यायालयानं दिल्लीच्या आयआयटीचं मत मागवलं, एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि ४ लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण मिळवणारे आधी ६७ होते, फेरपरीक्षा आणि सुधारणांनंतर १७ उरले. भावाच्या किंवा बहिणीच्या जुन्या पुस्तकावर अभ्यास करणारं मूल त्यात किती मागं फेकलं गेलं असेल? त्या पाच गुणांत हजारो क्रमांकांचा फरक पडतो. आणि दोन पुस्तकांतल्या शब्दांच्या त्या फरकावरून कोण चांगला डॉक्टर होईल, हे सांगता येत नाही.

आजचं चित्र असं: २०२५ साली २२ लाखांवर मुलांनी नीट दिली, १२ लाखांवर पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या जवळपास सरकारी. पात्रता इतकी खाली असल्यामुळं यादीत काही लाख क्रमांक मागं असलेल्याला फी भरता आली तर खासगी जागा मिळते, आणि थोडक्यात सरकारी जागा हुकलेला शेतकऱ्याचा मुलगा पुन्हा एक वर्ष घरी बसतो. रिपीटर हा शब्द आता लग्नाच्या बैठकीतही सहज येतो. तमिळनाडूनं २००६ साली कायदा करून प्रवेशपरीक्षा बंद केली होती आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश दिला होता. नीटनं ते संपवलं. तिथल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ च्या अहवालात दाखवलं, की नीटनंतर प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा दिलेल्यांचं प्रमाण आठात एकावरून दहात सातपर्यंत गेलं. तिथं एका राज्यानं आकडे गोळा केले, छापले आणि त्यावर वाद घातला. नीट रद्द व्हावी या त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, पण मोजून बोलण्याची ती सवय घेण्यासारखी आहे.

बदल करायचा तर नमुने दूर नाहीत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटच्या गुणांवर मुलं निवडून बोलावली जातात, मग इंग्रजी, आकलन आणि तर्क यांची एक छोटी चाचणी, मानसिक कसोटी आणि मुलाखत होते. बाकी सरकारी महाविद्यालयांत लाखो मुलांची मुलाखत घेणं शक्य नाही आणि वशिल्याची भीती आजही १९८० इतकीच खरी आहे. नेदरलँड्सनं बराच काळ गुणांना वजन देऊन चक्क सोडतीनं वैद्यकीय प्रवेश दिले, कारण वरच्या थरातल्या दोन मुलांत फरक करणं खोटं आहे असं त्यांना वाटलं. आपल्याकडं सोडत कुणी मान्य करणार नाही, मीही आग्रह धरणार नाही.

माझी मागणी त्याहून साधी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं १९९८ पासून राज्यातल्या डॉक्टरांचे निकाल आहेत. प्रवेश प्रक्रियेकडं प्रत्येकाचे नीटचे गुण, बारावीचे गुण आणि प्रवर्ग आहेत. ग्रामीण सेवेचं बंधपत्र कुणी पाळलं, कुणी दंड भरून सुटलं, याची नोंद सरकारकडं आहे. या तिन्ही नोंदी नावं काढून एकत्र जोडाव्यात आणि दर वर्षी प्रसिद्ध कराव्यात. ५५० गुणांचा आणि ६५० गुणांचा मुलगा शेवटच्या वर्षाला कुठं असतो, तिसऱ्या प्रयत्नात आलेली मुलगी कशी शिकते, गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण टिकतं, हे आपल्याला कळायला हवं. विद्यापीठानं हे काम या वर्षीच्या तुकडीपासून सुरू करावं, आणि पालकांनी, शिक्षकांनी, आमदारांनी ते मागत राहावं.